मी अर्नाळ्याचा खडक डिलीट केला

"माजा खडक कुटं गेला?"

हरीकाकांनी फोन काउंटरवर आपटला नाही, अलगद ठेवला. आपटला असता तर बरं झालं असतं. फुटलेला स्क्रीन मला बदलता येतो. पण मंगळवारी सकाळी दुकान उघडून अजून झाडूही मारला नव्हता आणि हा साठीचा तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा कप्तान, एका पायावर जोर देऊन, माझ्याकडे आपला खडक मागत होता.

"कसला खडक काका?"

"फोटोतला. दीड वर्स काढत होतो. आज फोन उघडला तर नातू हाय, सून हाय, बारशाचा पालना हाय. समुद्र नाय. सगला समुद्र गेला."

तो समुद्र मीच काढून टाकला होता. आदल्या दिवशी, याच स्टुलावर बसून, आणि चांगलं काम केलं म्हणून स्वतःवर खूष होऊन.

आधी माझी ओळख करून देते. विरार पश्चिमेला आगाशी रोडवर माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. बारा वर्षं झाली. त्याआधी नऊ वर्षं अंधेरीच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये होते. अजूनही नवीन गिऱ्हाईक आत डोकावतं, मला बघतं आणि विचारतं, "दादा कुठे गेले?" दादा कुठे गेले नाहीत. दादा कधी नव्हतेच.

लोकांना वाटतं माझं मुख्य काम म्हणजे स्क्रीन आणि बॅटरी. तसं नाही. दिवसातली निम्मी गिऱ्हाइकं येतात ती "स्टोरेज फुल" घेऊन. फोनला जागा नसते. का नसते? कारण त्यात गुलाबाच्या फुलावर दवबिंदू आणि खाली 'शुभ सकाळ' असे चार हजार फोटो असतात. एकाच लग्नाचा व्हिडिओ सहा ग्रुपवरून आलेला असतो, म्हणून सहादा असतो. कारल्याच्या रसाने काय काय बरं होतं याचे वीसेक व्हिडिओ असतात, आणि ते ठेवणाऱ्याने आयुष्यात कारलं खाल्लेलं नसतं. काढू का विचारलं की उत्तर ठरलेलं, "राहू दे, लागेल कधीतरी." काय लागेल? दवबिंदू?

तर या कामाचे मी स्वतःला दोन नियम घालून घेतलेत. एक, ज्याचा फोन त्याच्यासमोरच साफसफाई करायची. दोन, काही काढण्याआधी सगळ्याची कॉपी दुकानातल्या कॉम्प्युटरवर घ्यायची आणि आठवडाभर ठेवायची. माणसाला नको असलेली गोष्ट हवी असल्याचं साधारण तिसऱ्या दिवशी आठवतं.

सोमवारी हे दोन्ही नियम मी धाब्यावर बसवले. कारण सांगायला लाज वाटते. कारण होतं बोंबील.

हरीकाकांची बायको जानकीमावशी. ती अर्नाळ्याहून येऊन विरारच्या बाजारात मासळी विकते आणि मी तिचं पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. सोमवारी दुपारी ती पाटी रिकामी करून थेट दुकानात आली. एका हातात काकांचा फोन, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत ताजे बोंबील.

"बाय, या डबड्यात काय भरलंय बघ. रविवारी नातवाचा पयला वाढदिवस. फोटो काढाया गेले तर म्हनतो जागा नाय. सगला कचरा काढून टाक."

"काकांना विचारलंस का?"

"त्याला काय इचारायचा? त्याचा गुडघा शुक्रवारी कापणार हायेत. तो आपल्याच नादात."

मग आम्ही दोघी बसलो. फोन चौसष्ट जीबीचा, आतमध्ये श्वास घ्यायला जागा नाही. मावशी माझ्या खांद्यावरून वाकून हुकूम सोडत होती. नातू, ठेव. दवबिंदू, काढ. देव, ठेव. तोच देव परत, एक ठेव बाकीचे काढ. आणि मग आले समुद्राचे फोटो. तीनशेच्या वर. प्रत्येकात खाली करडं पाणी, वर पांढरं आभाळ, मध्ये बोटभर किनारा. तेही हललेले. सगळे सारखेच.

"यो येडा झालाय," मावशी म्हणाली. "जन्मभर समुद्रावर काढला, तरी फोटो समुद्राचाच काढतो. काढ ते."

फोनमध्ये आता एक सोय असते. ती हललेले, अंधारे आणि एकसारखे फोटो स्वतःच शोधून देते. तिनेही हेच फोटो दाखवले. मावशी, मी आणि मशीन, तिघींचं एकमत. मी सगळे निवडले आणि उडवले.

कॉपी का नाही घेतली? कारण दुकानातल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क भरली होती. होय. लोकांच्या फोनला जागा करून देणाऱ्या बाईच्या स्वतःच्या कॉम्प्युटरला जागा नव्हती, आणि ती जागा करायचं काम मी तीन महिने उद्यावर ढकलत होते. हसा.

आता मंगळवार. समोर हरीकाका.

"काका, आधी मला सांगा, खडक म्हणजे काय?"

त्यांनी दुकानात दुसरं कोणी नाही ना हे पाहिलं, स्टूल ओढलं, दुखरा पाय सरळ केला आणि आवाज खाली आणून सांगायला लागले.

समुद्रात पाण्याखाली खडक असतात. जाळं त्यावर गेलं की फाटतं, आणि जाळं फाटलं की त्या दिवसाची मासळी तर जातेच, पुढचा महिना ते शिवण्यात जातो. खडक वरून दिसत नाही. मग तो कुठे आहे ते किनाऱ्यावरून ओळखायचं. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू, एक पुढची, एक मागची, एकमेकींच्या मागे लपतात ती एक रेघ. दुसऱ्या बाजूला बघून अशाच आणखी दोन वस्तू जुळवायच्या, ती दुसरी रेघ. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे खडक. याला ते खूण म्हणतात. अशा खुणा त्यांच्याकडे एकतीस. काही खडकाच्या, एक बुडालेल्या बार्जची, आणि काही अशा जागांच्या की जिथे मासळी हमखास. त्या कोणत्या ते सख्ख्या भावालाही सांगत नाहीत.

"मग बोटीवर जीपीएस नाही का?" मी शहाणपणा केला.

"हाय ना. मी कुटं हाय ते जीपीएस सांगतो. खडक कुटं हाय ते त्याला कोन सांगनार?"



शुक्रवारी गुडघ्याचं ऑपरेशन. डॉक्टरांनी सांगितलेलं, तीन महिने बोटीवर पाऊल टाकायचं नाही. त्यानंतरच्या सोमवारपासून बोट मुलगा नेणार होता. मुलगा किरण, सत्तावीस वर्षांचा, आधी कुरिअर कंपनीत होता. ती नोकरी सोडून दोन वर्षं बापाबरोबर बोटीवर यायचा, पण येऊन काय करायचा?

"मी खूना सांगाया लागलो की तो कानात ती बोंडं घालून बसतो," काका म्हणाले. "म्हनून फोटो काढले. म्हनलं माजं आयकत नाय, फोन तरी बगेल. बोटीवर चार मानसं आनि घरात येवढीच बोट हाय, बाय. पयल्याच दिवशी जालं खडकावर नेलं तर पोरगा परत समुद्राकडे बघनार नाय."

ते ओरडले असते तर मी पण ओरडले असते. ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला कसं हाताळायचं ते मला येतं. हे मला येत नव्हतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"काका, मीच काढले ते. मावशी फोन घेऊन आली होती. पण मी तुम्हाला फोन करून विचारायला हवं होतं. चूक माझी."

मी कामाला लागले.

पहिली आशा, ट्रॅश. डिलीट केलेला फोटो लगेच मरत नाही, महिनाभर ट्रॅश नावाच्या फोल्डरमध्ये पडून असतो. पण तिथे असेपर्यंत जागाही खातोच. म्हणून हौशी माणसं ट्रॅश विसरतात आणि व्यावसायिक माणसं तो रिकामा करतात. मी व्यावसायिक. रिकामा.

दुसरी आशा, कॅशे. म्हणजे फोनने आपल्या सोयीसाठी करून ठेवलेल्या छोट्या छोट्या प्रती. नखाएवढे का होईना, फोटो मिळाले असते. तोही मी साफ केला होता. वर मावशीला सांगितलं होतं, "बघ, लोक हे करत नाहीत."

तिसरी आशा, रिकव्हरी सॉफ्टवेअर. त्याच्या जाहिराती खूप असतात. आजकालच्या फोनवर ते पुसलेले फोटो परत आणतं असं कोणी सांगितलं तर त्याला माझ्याकडे पाठवा. तरी लावून पाहिलं. त्याने एक तास घेऊन एक दवबिंदू परत आणला.

चौथी आशा, क्लाउड. म्हणजे फोनबाहेर, इंटरनेटवर आपोआप राहणारी प्रत. उघडलं. तिथे लिहिलेलं, जागा भरल्यामुळे बॅकअप थांबला आहे. कधीपासून? वर्षभरापासून. पण त्याच्या आधीचे चाळीसेक समुद्र सापडले! मी ओरडलेच. काकांनी चष्मा लावला, एकेक फोटो पाहिला आणि मान हलवली.

"यो टावर तवा नव्हता. आता त्याच्या मागं डोंगर दिसतच नाय. ही खून बाद. हीपन बाद. तुमच्या विरारवाल्यांनी वर्साला येक डोंगर झाकायचा ठरवलाय काय?"

चाळीसातून चालण्यासारखे निघाले सहा. त्यातही फोटो कुठून काढला ती जागा नोंदलेली नव्हती, कारण लोकेशन चालू ठेवलं की आपली जागा दुसऱ्या बोटवाल्यांना कळते असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

एवढ्यात जानकीमावशी आली. बाजारात बातमी पोचली होती. दारातूनच तिने नवऱ्याकडे आणि माझ्याकडे पाहिलं आणि अंदाज घेतला की सगळ्यात मोठा आवाज आता आपलाच असायला हवा.

"काय झाला येवढा? मानूस मेला का? समुद्राचेच फोटो ना? समुद्र तितंच हाय! जा, परत काढ!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे.

"उद्या बुधवार," काका म्हणाले. "सकालची भरती हाय."

"मी येते," मी म्हणाले. बोलून गेल्यावर लक्षात आलं की मला पोहता येत नाही.

बुधवारी दुकानाला कुलूप लावून सातला अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर हजर झाले. सुकत घातलेल्या मासळीचा वास आला तशी पोटाने पहिली सूचना दिली, ती मी ऐकली नाही. काकांसाठी बोटीवर प्लास्टिकची खुर्ची दोरीने बांधली होती. किरण स्टिअरिंगला. त्याचा चेहरा असा, की सुट्टीच्या दिवशी शाळेत बोलावलंय. मी लाइफ जॅकेट घालून मधोमध बसले. अर्ध्या तासात घरचे पोहे समुद्राला वाहिले. काका म्हणाले, "मासली खूष होल." किरण पहिल्यांदा हसला.

"हां, इंजिन बारीक कर," काका एका ठिकाणी म्हणाले. मला तिथे काहीही दिसत नव्हतं. पाणी, आभाळ, बोटभर किनारा. तोच फोटो, जो मी तीनशेदा उडवला होता.

"तो किल्ल्याचा बुरूज बघ. त्याच्या मागं सुरूच्या झाडांचं टोक लपलं का? आता इकडं. ती पान्याची टाकी आनि तो डोंगराचा खांदा. लागलं? खाली दगड हाय."

आणि एकदम ते दिसलं. टाकी डोंगराच्या खांद्याला चिकटली होती, जरा पुढे गेलो की सुटत होती. मी फोटो काढला. झूम करून दुसरा काढला. दोन्हींवर बोटाने गोल केले, नाव दिलं, काकांचं बोलणं रेकॉर्ड केलं, लोकेशन चालू केलं. काकांनी कुरकुर केली, तर मी त्यांच्या फोनला पिन लावून दिला आणि हे फोटो वेगळ्या कुलूपबंद फोल्डरमध्ये टाकले. एक गोष्ट सांगायलाच हवी, त्या फोनमध्ये पहिल्यांदाच जागा भरपूर होती.

पहिल्या चार खुणा किरण नुसता बोट चालवत होता. कानातली बोंडं मात्र खिशात गेली होती, कारण मी सारखे प्रश्न विचारत होते आणि माझे प्रश्न इतके बावळट होते की त्याला राहवेना. "अहो ताई, ती टाकी नाही, त्याच्या बाजूची!" असं करत करत तोच मला समजावायला लागला. काका खुर्चीतून ऐकत होते, मध्ये बोलत नव्हते. आठव्या खुणेला त्याने विचारलं, "थांबवू?"

"अजून."

"आता?"

"आता."

विसाव्या खुणेला त्याने न विचारता इंजिन बारीक केलं आणि बापाकडे पाहिलं. काकांनी मान डोलावली. बस्स, तेवढंच. मला फार बरं वाटलं. चूक माझी होती, पोट रिकामं होतं, तोंड कडू होतं, तरी बरं वाटलं, ते मी कशाला लपवू?

शेवटचा खडक सगळ्यात मोठा. काका म्हणाले, याच्यावर आमच्या गावची तीन जाळी गेलीत. "यो नीट काढ. ती गाजरी रंगाची उंच बिल्डिंग दिसते ना? येक रेघ मगाचच्या बुरजाची, नि ती बिल्डिंग जीवदानीच्या डोंगराच्या उतरत्या टोकाला लागली की समज, खाली तोच. त्या बाजूला लांबून दुसरं कायच दिसत नाय, पन तो रंग दिसतो."

मी झूम केलं. सोळा मजले, वर टाकी, गाजरी रंग. बाराव्या मजल्यावर गॅलरीत निळी चादर वाळत होती.

"काका," मी म्हणाले, "ती चादर माझी आहे."

काकांना हसू आवरेना. किरणने तर स्टिअरिंगच सोडलं. मग काका गंभीर झाले आणि म्हणाले, आता तुला सगल्या खूना म्हायती झाल्या, शपथ घे. कशाची घेऊ विचारलं. म्हणाले, "बाहेर बोललीस तर जानकी तुला जन्मात बोंबील देनार नाय." मी घेतली. म्हणून वर लिहिलेल्या खुणांमध्ये मी थोडी अदलाबदल केली आहे. कोणी फोन घेऊन शोधायला जाऊ नका.

शुक्रवारी ऑपरेशन नीट झालं. रविवारी वाढदिवस झाला, दीडशे फोटो निघाले. सोमवारी किरण तीन माणसं घेऊन पहाटेच्या पाण्याला गेला. मी दुकानात एका फोनचं चार्जिंग पोर्ट साफ करत होते, पण लक्ष नव्हतं. एकच पोर्ट तीनदा साफ केलं.

दुपारी मावशी आली. पाटी डोक्यावरच होती.

"आला?" मी विचारलं.

"आला. जालं साबूत. येक धागा तुटला नाय."

"फोटो बघितले ना त्याने?"

मावशीने काकांचा फोन काउंटरवर ठेवला. "कशावर बघतो? घरी चार्जिंगला लावला नि इसरून गेला."

म्हणजे मी दिलेला पिन, कुलूपबंद फोल्डर, एकतीस खुणांचं रेकॉर्डिंग, सगळं अर्नाळ्यात फ्रिजवर चार्ज होत होतं आणि पोरगा डोळ्यांनी बघून परत आला होता. मी हसले, मग उगाच डोळे पुसले. मावशी म्हणाली, रडते कशाला, बोंबील घे.

त्याच संध्याकाळी मी दुकानातली हार्ड डिस्क रिकामी केली. त्यात दोन वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकांचे फोन होते. दवबिंदू होते. आता माझ्याकडे कोणी नवऱ्याचा, सासूचा, बापाचा फोन साफ करायला आणला तर मी मालकाला फोन लावल्याशिवाय हात लावत नाही. लोक चिडतात. चिडू देत. दुसऱ्याचा कचरा ओळखता येतो हा भ्रम महागात पडतो, एवढं मी अनुभवाने सांगते.

हे सगळं इथेच संपायला हवं होतं. पण फेब्रुवारीत आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषय, बिल्डिंगचं रंगकाम. सेक्रेटरींनी शेड कार्ड फिरवलं. कमिटीचं म्हणणं, हा गाजरी रंग जुनाट दिसतो, आजूबाजूचे सगळे टॉवर आता फिकट करडे आहेत, आपणही करडाच लावू. माना डोलल्या. माझ्या डोळ्यांसमोर करडं पाणी, पांढरं आभाळ आणि त्यात विरघळून गेलेली आमची करडी बिल्डिंग आली. मी हात वर केला.

"रंग बदलायचा नाही."

"का मॅडम?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं कारण सांगायची सोय नव्हती, शपथ होती. आणि सांगितलं असतं तरी पाण्याखालच्या दगडासाठी बासष्ट फ्लॅटवाल्यांनी आपली पसंती बदलली असती असं मला वाटत नाही.

"वास्तुशास्त्र," मी म्हणाले. "पश्चिमेकडून बघितलं तर ही बिल्डिंग गाजरीच दिसायला हवी. नाहीतर घरात मोठं नुकसान होतं. मी एका जाणकाराला विचारलंय, चाळीस वर्षांचा अनुभव आहे त्यांना."

सेक्रेटरींनी शेड कार्ड मिटलं. कोणाच्या घरात नुकसान, हे एकानेही विचारलं नाही. ठराव एकमताने पास झाला.

रंग लागून झाल्यावर मी गॅलरीतून काकांना फोन केला. ते नवीन गुडघ्यावर किनाऱ्यापर्यंत चालत गेले होते. म्हणाले, "दिसतोय. पन बाय, येक पुट अजून मारायला सांग."

आता पुढच्या मीटिंगला काय सांगायचं, याचा विचार करतेय.